पालीचं फाटकं जाळं

साताऱ्याहून पहाटेची एसटी धरली, तेव्हा सगळे हसले. मीरा-भाईंदरला जाऊन कसली कला बघणार बाई, तिथे नुसत्या इमारती! पण मी चित्रकलेची शिक्षिका, त्यात हट्टी.

तिथल्या काशीगावात रिक्षावाल्याला "आर्ट गॅलरी" म्हटलं, तर पठ्ठ्याने थेट टाइल्सच्या दुकानासमोर उतरवलं. विचारत विचारत नीलेश नावाच्या चित्रकाराचं घर गाठलं. अंगणात लोखंडी पत्रे पसरलेले. त्यांवर तो खारं पाणी शिंपडतो आणि चढणाऱ्या गंजातून चित्र काढतो. काय रंग होते म्हणून सांगू! "आजोबा मीठ पिकवायचे, मी गंज पिकवतोय," तो म्हणाला. "ताई, इथे किनाऱ्यावर पाली गाव आहे, तिथे जा. तिथल्या कोळ्याची पोर आहे सिल्विया, तिचं पहिलं प्रदर्शन आहे आज पाचला. गावातलं कोणी येईल की नाही, याच टेन्शनमध्ये आहे ती."

पालीच्या गल्लीत समोरून स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं. एका घरी तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील खाल्ले, बोटं चाटली आणि चारला गावच्या हॉलवर पोचले.

आत सिल्विया रडकुंडीला आलेली. वडिलांचं जुनं जाळं तिने छताला टांगलं होतं आणि त्यात अकरा भोकं कापली होती. गावातल्या बंद पडलेल्या होड्या अकरा, म्हणून. ती जेवायला गेली, तेवढ्यात शेजारच्या पास्कलमामांनी एक भोक विणून बुजवून टाकलं!

"जालं फाटलेलं दिसलं," मामा म्हणाले. "फाटकं जालं कोन टांगून ठेवतं गो?"

"मामा, ती भोकं म्हणजे बंद पडलेल्या होड्या आहेत. तुम्ही बुजवलंत ते तुमच्याच होडीचं," सिल्विया म्हणाली.

 मामा एकदम तडकले. "माझी होरी बंद न्हाय! इंजिन खोललंय. नीट झालं का जानार हाय मी."

सिल्वियाने डोळे पुसले. मला वाटलं, आता ती कात्री घेणार. तिने खडू घेतला आणि उरलेल्या प्रत्येक भोकाखाली, जमिनीवर, होडीचं नाव लिहिलं. मामांच्या हातातली सुई काढून टेबलावर ठेवली. "सगळ्यांना बोलवा मामा. ज्याची होडी चालू, त्याने आपलं भोक विणायचं."

मामांनी गल्लीभर बोंब ठोकली. सव्वापाचला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती! बायका गाठींवरून भांडत होत्या, एक म्हातारा आपल्या होडीचं नाव चुकीचं लिहिलंय म्हणून सिल्वियाला झापत होता. चार भोकं विणली गेली. सहा तशीच राहिली. त्यांच्यापुढे माणसं गप्प उभी राहत होती, कुणी कुणाला काही समजावत नव्हतं. आणि सिल्विया? हसत होती पोरगी, नाक ओढत हसत होती. 

परतीच्या गाडीत झोप आली नाही. वीस वर्षं मी मुलांना प्रदर्शनाला नेते आणि दारातच दटावते, कशाला हात लावायचा नाही. सोमवारी वर्गात गेल्या गेल्या सांगणार आहे, लावा रे.