साळवे साहेबांचं इंजिन आणि माझी आई

यशवंत साळवे साहेब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्यावर चार शब्द लिहायचा मान मित्रमंडळींनी मला दिला, याचा आनंद आहे. आश्चर्य त्याहून अधिक आहे, कारण आमची ओळख भांडणानं झाली होती.

अंबरनाथच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथं साहेब टूलरूमचे सुपरवायझर होते आणि मी स्टोअर्समध्ये नवा लागलेला कारकून. एके दिवशी ते खिडकीशी आले, मी दिलेल्या बोल्टांतले निम्मे त्यांनी बाजूला काढले आणि म्हणाले, "हे परत घ्या. यांचे आटे गेलेत."

मी तेव्हा तिखट होतो. म्हणालो, "साहेब, जे येतं ते मी देतो. माझ्या घरचे नाहीत ते."

"घरचे असते तर दिले असते का?" त्यांनी शांतपणे विचारलं. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण ते माझ्याकडून नेलेला प्रत्येक पाना पुसून, तेलाचा हात लावून परत करत. असा माणूस स्टोअरवाल्याला किती दिवस नावडता राहणार?

कारखान्यात काही बिघडलं की सगळे आधी विचारत, "कुणी केलं?" साहेब विचारत, "आता काय करायचं?" एका नव्या ऑपरेटरनं मशीनचं सेटिंग चुकवून अख्खा लॉट घालवला. मॅनेजर त्याला गेटाबाहेर काढायला निघाले होते. साहेबांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि त्याच्याकडूनच तो लॉट निवडून घेतला, एकेक नग तपासत. पुढं त्या गोष्टीचा उच्चारही केला नाही. माणसाला हाकललं तर चूक तेवढी आपल्याकडे उरते, असं ते म्हणत. ते राहत त्या मांजर्लीच्या विहारात रविवारी मुलांना ते इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवत, तिथंही हीच रीत. रेघ चुकली तर मुलानंच खोडायची. साहेब रबर फक्त हातात देत.

निवृत्तीनंतर त्यांनी उल्हासनगरच्या एका भंगारवाल्याकडून गोल दिव्यांची एक जुनी गाडी आणली. साठ वर्षांपूर्वीची तरी असेल. भंगारवाल्यानं प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "साईं, इंजन जाम है. शोपीस बनाके रखो." साहेब मला म्हणाले, "जाम आहे म्हणजे आतलं सगळं अजून आतच आहे." वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. "घरात पाय पसरायला जागा नाही आणि यांनी इंजिन आणलंय!" असं म्हणून त्यांनी नटबोल्ट धुवायला आपली जुनी परात काढून दिली.

मांजर्लीत तळमजल्यावरचं घर, पुढं ताडपत्री टाकलेली पडवी आणि पान्यांचा एक सेट, एवढ्यावर हे काम चाललं. नट किती जोरानं आवळायचा ते मोजायचं महागडं हत्यार नव्हतं, तर पान्याच्या टोकाला भाजीवाल्याचा ताणकाटा अडकवून साहेब तो ओढत. पिस्टनच्या रिंगा दाबून धरायला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टा केला. तेवढा क्रँकशाफ्ट मात्र उल्हासनगरच्या वर्कशॉपमधून घासून आणला, कारण ते काम घरी होणारं नव्हतं. तो आरशासारखा चकचकीत दांडा त्यांनी तेल लावून कापडात गुंडाळला. एकेका व्हॉल्वला दोऱ्यानं चिंधी बांधली, कुठला कुठं बसायचा ते कळावं म्हणून.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं. वडील गेल्यावर मी तिला मुरबाडकडच्या गावाहून हेंद्रेपाड्याला, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. गावाला तिनं शेत, गुरं, चूल, सगळं ओढलं होतं. इथं ती भांड्याला हात लावायला गेली की बायको म्हणायची, "आई, तुम्ही बसा." मी म्हणायचो, "आई, तू बस." आम्हाला वाटायचं, आम्ही तिला सुख देतोय. ती बसून बसून सुकत चालली होती आणि गावाकडच्या बंद पडलेल्या, गळक्या घरात एकटीनं राहायला जायचं म्हणत होती. मला ती भीती रोज होती.

त्या पावसाळ्यात उल्हास नदी चढायला लागली आणि मांजर्लीत पाणी येणार हे दिसू लागलं. इंजिनाचा ब्लॉक आम्ही चौघांनी वरच्या जिन्यात नेला. क्रँकशाफ्ट, सिलिंडरचं हेड आणि व्हॉल्व रिक्षात घालून मी आमच्या घरी आणले. पाणी ओसरल्यावर आम्ही दोघं नवराबायको साहेबांकडचा गाळ काढायला गेलो. आई घरी एकटी होती. तिनं गाठोडी सोडली, आत तेलकट, काळी लोखंडं पाहिली, आणि परक्याची वस्तू आपल्या घरात अशी घाण कशी ठेवायची म्हणून कढत पाण्यात साबणाचा चुरा घालून सगळं घासून घासून धुतलं. चिंध्या सोडून टाकल्या. बाल्कनीत ओळीनं वाळत घातलं.

आम्ही परतलो तेव्हा क्रँकशाफ्टवर तांबूस पावडर चढली होती. मी आईला नको ते बोललो नाही, एवढंच. तिला चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवशी साहेब आले तोवर तिनं गावाला जायची पिशवी भरून दाराशी ठेवली होती.

साहेबांनी क्रँकशाफ्ट हातात घेतला. बराच वेळ फिरवून पाहिला. आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मी नुसकान केलं ना, साहेब?"

मी घाईनं म्हणालो, "नाही गं आई, काही नाही झालं, तू बस."

साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "केलंत, आई. आता भरून काढा."

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. एवढ्या म्हाताऱ्या बाईला असं बोलतात? पण आईची मान वर झाली. गावाहून आल्यापासून तिच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं. "काय करू, ते सांगा," ती म्हणाली.

"व्हॉल्व एकमेकांत मिसळलेत. आता प्रत्येक नव्यानं घासून त्याच्या जागेवर बसवायचा. आणि गावाला जायचं तर जा, पण काम झाल्यावर. मी याच गाडीतून सोडतो."

व्हॉल्व घासायची काठी असते. तिच्या टोकाचं रबर व्हॉल्वला चिकटवायचं, खाली खरखरीत पेस्ट लावायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. साहेबांनी करून दाखवलं. आईनं काठी हातात घेतली, दोनदा फिरवली आणि हसली. किती महिन्यांनी! "हे तं ताक घुसळण्यावानी हाय," ती म्हणाली.

मग आमच्या हॉलमध्ये गोधडीवर सिलिंडरचं हेड आणि त्यापुढं मांडी घालून आई, असं चित्र रोज दिसू लागलं. पुसायला मऊ कापड हवं म्हणून तिनं भरलेल्या पिशवीतून एक जुनं लुगडं काढून फाडलं. बायको "आई, जरा बसा" म्हणाली तर उत्तर यायचं, "बसलेच हाय ना." साहेब पलीकडे पॉलिश पेपरच्या पट्टीनं क्रँकशाफ्टवरचा गंज उतरवत बसत. व्हॉल्व बसला की वर डिझेल ओतून ठेवायचं. खाली पाझरलं नाही तर काम पास. एक पाझरला. साहेबांनी बोटानं ओल दाखवली. आईनं तो पुन्हा घासायला घेतला.

इंजिन लवकर होऊ नये असं वाटणारा त्या दिवसांत मी एकटाच होतो. झालं की आई जाणार होती.

पण ते झालंच. मांजर्लीत सगळी आळी जमली. हँडल मारून मारून माझे खांदे उतरले, मग एकदाचा धूर निघाला, इंजिन खोकलं आणि लागलं. वहिनींनी टाळ्या वाजवल्या. आईनं पदरानं डोळे पुसले, आणि पुढच्याच रविवारी साहेबांनी दिलेला शब्द पाळला.

आम्ही गावाला गेलो. आईनं घर उघडलं, केर काढला, शेजारणीकडे चहा घेतला. निघायची वेळ झाली तरी "येतेस ना?" असं विचारायचा धीर मला होईना. पिशवी माझ्याच हातात होती. साहेबांनी बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. आई ओटीवरून उतरली, गाडीपाशी आली आणि कान देऊन उभी राहिली.

"मागचा एक वाजतोय."

"पुढचा असेल, आई."

"न्हाय, मागचाच. मी घासलाय, मला ठावं."

साहेब म्हणाले, "मग घरी जाऊन उघडावं लागेल."

"उघडा की. मी हाय ना." तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, मागच्या सीटवर टाकली आणि स्वतः पुढं बसली.

त्यानंतर साहेबांच्या पडवीत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्कूटरची इंजिनं आली, पाण्याचे पंप आले, आणि त्यांचे व्हॉल्व हेंद्रेपाड्याला येत राहिले. माझी आई आज माझ्या घरात आहे, आणि ती पाहुणी म्हणून नाही. साहेब, हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही कधी आभार मानू दिले नाहीत, म्हणून इथं सगळ्यांसमोर मानतो.

शेवटी शुभेच्छा द्यायच्या. आपणांस उत्तम आरोग्य लाभो, हातांना कंप न येवो, वहिनींची परात आणखी पुष्कळ वर्षं तेलकट राहो. शतायुषी व्हा, असं लिहिणार होतो. पण आईला वाचून दाखवलं तर तिनं मला थांबवलं. म्हणाली, "शंभर वर्सं बिरसं लिवू नको. हातात काम हाय तवर जगा म्हणावं साहेबांना. आन म्हणावं, काम सपवू नका."