दहापैकी चार

कातरमावशीच्या हातून कापड वाया गेलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं. शिलाईच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती कापणी करत होती. खडूची रेघ नुसत्या नजरेनं मारायची, पण बोटभर चुकेल तर शपथ!

म्हातारा कटिंग मास्तर निवृत्त झाला. आता ती जागा मावशीचीच, असं सगळे धरूनच चालले होते. तिनंही मनातल्या मनात मास्तरांच्या टेबलाशी उभं राहून पाहिलं होतं. पण नव्या मालकानं सगळ्यांना कागद वाटले. शेवटचा प्रश्न होता, स्वतःच्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?

मावशीनं लिहिले चार.

तिच्याच हाताखाली शिकलेल्या तिशीतल्या गड्यानं ठोकून दिले नऊ. अहो, महिन्यातून एक तरी बाही उलटी कापणारा माणूस! पण जागा त्यालाच मिळाली.

"मावशी, तुमचा तुमच्यावरच भरवसा नाही," मालक म्हणाला, "मग चाळीस माणसं तुमचं कशी ऐकणार?"

ती नुसती हसली. घरी मुलगी मात्र नातीसमोरच कडाडली, "आई, अगं निदान आठ तरी लिहायचे!"

"आपणच आपली पाठ थोपटायची? लोक काय म्हणतील?"

मावशीची तरी काय चूक? तिचे वडील तिच्या भावाला म्हणायचे, "वाघ आहेस वाघ!" आणि तिला म्हणायचे, "मान खाली घालून चाल." ती तशीच चालत राहिली. त्या संध्याकाळी मोरीचा नळ सोडून ती पोटभर रडली.

महिनाभरानं अकरा वर्षांची नात चित्राची वही घेऊन बसली होती. बाईंनी आपापल्या चित्राला गुण द्यायला सांगितले होते. पोरीनं ठसठशीत दहा लिहिले होते.

"अगंबाई! दहा?" मावशीच्या तोंडून निघून गेलं. "एवढा तोरा बरा नव्हे हं."

पोरीचा चेहरा उतरला. तिनं खोडरबर घेतलं आणि दहा पुसून टाकले.

"मग तुझ्याएवढे लिहू, आजी? चार?"

मावशीच्या काळजात चर्र झालं. तिनं पेन्सिल ओढून घेतली आणि पुन्हा दहा लिहिले. "दहाच आहेत गं बाई! माझं ऐकू नकोस, मी वेडी आहे."

पण पोरीनं आकड्यावर तळहात ठेवला.

"नको आजी," ती हळूच म्हणाली, "लोक काय म्हणतील?"