श्रावणजींची कोंडी

पुरुषांच्या वॉर्डात नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से मागावे लागत नाहीत, त्याला आवरावं लागतं! हल्ली मी झोपताना एक बारकी गोळी घेतो. अल्फा-ब्लॉकर म्हणतात तिला. प्रोस्टेटची गाठ आहे तेवढीच राहते, पण मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेले स्नायू ती सैल करते आणि धार मोकळी होते. गोळी गिळली की मला साठच्या दशकातला अकोल्याचा आमचा दवाखाना आठवतो. मी तिथे नवाकोरा डॉक्टर होतो आणि ही गोळी अजून यायची होती. लघवी तुंबली की रबरी नळी, नाहीतर ऑपरेशन.

*

आमचे सर्जन सर पुण्याचे. हाताला यश, पण धीर नावाला नाही. राउंडला आले की एकच मंत्र : "आटपा, आटपा!" पेशंट जेवत असो की रडत असो.

अन्नम्मा सिस्टर केरळच्या, पण मराठी शिकल्या अकोल्यात. एकदा त्यांनी सरांना सरळ सुनावलं, "साहेब, पेशंट हाय तो. त्याले गाडी पकडायची नाही!"

*

श्रावणजी वरूडकडचे, संत्र्याच्या बगीच्याचे मालक. आले तेव्हा पोट मडक्यासारखं टणक. मी नळी घातली, भांडं भरलं आणि त्यांनी डोळे मिटून हात जोडले. "डॉक्टर, अख्खा बगीचा घ्या, पण नळी काढू नका!"

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बगीचा वापस द्या, नळी काढा!"

हसलो आम्ही, पण त्यांची भीती खरी होती. त्यांचा मोठा भाऊ याच ऑपरेशनच्या टेबलावर गेला होता. सरांनी आठवड्याची मुदत दिली. नळी काढल्यावर लघवी आपोआप झाली तर घरी, नाहीतर ऑपरेशन.

*

तिसऱ्या दिवशी सिस्टरना उशीखाली पुडी सापडली. गावच्या डॉक्टरांनी दम्यासाठी दिलेल्या इफेड्रिनच्या गोळ्या! सर उसळले, "अहो, ही गोळी छाती मोकळी करते आणि खालचं तोंड आवळते!" पुडी जप्त.

श्रावणजी काकुळतीला आले. "साहेब, श्वास घेऊ का मुतू? एक काय ते सांगा!"

सर चक्क त्यांच्या खाटेवर बसले. दम्यासाठी इंजेक्शन लिहून दिलं. जाताना मला म्हणाले, "आवळणारी गोळी आहे, म्हणजे सैल करणारीही निघेल कधीतरी." मला तेव्हा ते नुसतं समजूत घालणं वाटलं होतं.

*

आठवडा भरला. सकाळी नळी काढली. पाण्याचा आवाज ऐकला की लघवी सुटते, हा आमचा जुना उपाय. सिस्टरनी वॉर्डातला नळ सोडला.

दहा मिनिटांत शेजारच्या सहा जणांनी भांडं मागितलं! श्रावणजी कोरडेच.

"जमून नाही राहिलं," ते म्हणाले. "सारे मलेच पाहून राहिले." खरंच, अख्खा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. भावाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दुपारी सर आले, पोट तपासलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "सिस्टर, उद्या ऑपरेशन. नाव लिहा."

*

श्रावणजींची बायको सखूबाई आठवडाभर भेटीच्या वेळेव्यतिरिक्त दाराबाहेरच बसून असे. ते शब्द ऐकून ती तडक आत आली. सकाळपासून वाहत असलेला नळ बंद केला.

"भिताडाकडे तोंड करा सारे," ती म्हणाली.

खाटांवरची माणसं कण्हत कुशीवर वळली. सिस्टर वळल्या, मी वळलो.

"डॉक्टरसाहेब, तुमीबी."

सर वळले!

पंधरा-वीस माणसं भिंतीचा चुना बघत होती. कुणी खोकलं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग एनॅमलच्या भांड्यात एक थेंब वाजला. पुन्हा एक. मग बारीक, अडखळती धार, आणि मग चांगली सलग. शेजारी सिस्टर पदराने डोळे पुसत होत्या. माझेही भरून आले होते.

सर भिंतीकडे बघतच घोगऱ्या आवाजात म्हणाले, "श्रावणजी, वळू का?"

"थांबा ना साहेब! इथंबी आटपा?"