चिठ्ठीच्या वरच्या ओळी

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की पितळेचं ताट फिरतं. त्यात बायबलमधल्या एकेका ओळीच्या गुंडाळलेल्या चिठ्ठ्या असतात. डोळे मिटायचे, एक उचलायची, आणि मग वर्षभर ते आपलं वचन. कुणी ते फ्रिजवर चिकटवतं, कुणी रिक्षाच्या काचेवर. मी हल्ली मंडळीच्या मासिकात संदेष्ट्यांवर भाष्य लिहिते, जाड चष्म्यातून जाड इंग्रजी ग्रंथ वाचते, लोकांना शहाणपण शिकवते. पण ताट समोर आलं की हात जातोच.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला आलेली चिठ्ठी तंबूची जागा वाढवायला आणि दोऱ्या लांब करायला सांगत होती. आम्ही तेव्हा पिंपरीत एका खोलीत राहायचो. बाईसाहेबांनी, म्हणजे मीच, लगेच ठरवलं, देवानं दोन खोल्या मंजूर केल्या! नसलेल्या खोलीसाठी मी मोरपंखी पडदे शिवले, खाली झालर लावून. शेजारणी विचारायच्या, "हे लावणार कुठं?" मी नुसती वर बघून हसायची. मार्चमध्ये गावाकडून दोन दीर आले, कंपनीत चिकटायला, आणि आमच्याच खोलीत राहिले. पडदा शेवटी खोलीच्या मधोमध लागला. दोरी मात्र खरंच लांब लागली.

"बघ, झालं की वचन पूर्ण," नवरा म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी भाष्यं वाचायला लागले तेव्हा कळलं, की ती ओळ ओसाड पडलेल्या नगरीला सांगितलेली होती. तुझी लेकरं परत येताहेत, जागा कर, असं. म्हणजे घरात माणसं येणार, हाच तिचा अर्थ. माझ्या दिरांनी माझ्यापेक्षा सरस भाष्य केलं होतं, तेही सतरंजीवर घोरत.

हे पडदे मला परवा-परवा फार उपयोगी पडले.

मंगळवारी दुपारी आम्हा बायकांची अभ्यासाची बैठक काळेवाडीत भरते. तिथं जालन्याकडची एकजण येते. नवरा चाकणला कंपनीत, एकुलती एक लेक. तिला गेल्या वर्षी चिठ्ठी आली होती, मी तुम्हाला परत तुमच्या ठिकाणी आणीन, अशा अर्थाची. मग काय! दिवाळीनंतर गावी जायचं पक्कं. तिच्या घरात कपाट नव्हतंच, सगळं पेट्यांमध्ये. "परत जायचंच हाय, तर कपाट कशाला?" हे ती आल्या दिवसापासून म्हणायची. आता तर देवानंच दुजोरा दिला.

आणि नेमकी लेकीला ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जागा मिळाली.

पोरगी सरळ वाकडला आमच्या बिल्डिंगमध्ये आली. लिफ्टमधून बाहेर पडता पडताच म्हणाली, "आजी, शुक्रवारी प्रवेश पक्का केला नाही तर जागा जाईल. आई म्हणते, गावी जायचंय तर चार वर्षांचं इथं कशाला अडकवून घ्यायचं? तिची ओळ बायबलातल्या ज्या पुस्तकातली आहे, तेच तुम्ही मंगळवारी घेताय ना? सांगा तिला काहीतरी."

"सांगते की."

"पण वचन खोटं आहे असं नका सांगू हं. त्याच्यावरच ती उभी आहे."

झाली पंचाईत. वचन मोडायचं नाही आणि पोरीची जागाही घालवायची नाही.

मंगळवारी मी नेहमीप्रमाणे लांबून सुरुवात केली. बाबेलचा राजा, यरुशलेमचा पाडाव, कोणाला आधी पकडून नेलं, कोणाला नंतर. बायका घेवडा मोडत ऐकत होत्या. जालनेकरीण म्हणाली, "आजी, राजाचं ऱ्हाऊ द्या. माझी ओळ कवा यायची?"

"ये, तूच वाच. पण तुझ्या ओळीपासून नको. अध्यायाच्या सुरुवातीपासून."

ती वाचू लागली. बाबेलात नेलेल्या लोकांना संदेष्ट्यानं पाठवलेला निरोप होता तो. घरं बांधून राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. परत आणण्याची ओळ त्याच्याही खाली होती.

"हे माझ्या चिठ्ठीत नव्हतं," ती म्हणाली.

"चिठ्ठीत मावलं नसतं."

"मंग परत न्यायचं खोटं?"

"खोटं कसं? पण ते आधी त्या लोकांना सांगितलंय. तुझ्यापर्यंत त्यांच्या हातून आलंय. घ्यायचं तर अख्खं घे. आणि काळेवाडी काही बाबेल नाही बरं का, तुम्हाला कुणी बेड्या घालून नाही आणलं."

"ह्यांची नाइट शिफ्ट बघा एकदा, मंग बोला."

बायका खो-खो हसल्या. माझ्या भाष्यातला तो परिच्छेद तिथंच गारद झाला.

मग मी दुसऱ्या एका, पुढं खोट्या ठरलेल्या संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. तो म्हणायचा, बांधाबांध करा, लवकरच परत! बाबेलचं ओझं अजून बराच काळ वाहायचंय हे दाखवायला पहिला संदेष्टा गळ्यात लाकडी जू अडकवून फिरायचा, तर यानं ते चारचौघांत मोडून टाकलं. "लोक खूश झाले असतील," मी म्हणाले. "मी तर पडदे हलवून नाचले असते." कसले पडदे, म्हणून मग तेही सांगावं लागलं. झालरीपर्यंत आले तेव्हा जालनेकरणीच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. पुसता पुसता म्हणाली, "म्हंजी पोरीनं शिकायचं, आन् परतबी जायचं?"

"परत कधी, ते त्याच्या हातात. शिकायचं की नाही, ते शुक्रवारपर्यंत तुझ्या हातात."

ती पुन्हा घेवड्याकडं वळली. घेवड्याच्या शिरा काढत राहिली. मला वाटलं, गेलं सगळं पाण्यात.

शुक्रवारी संध्याकाळी पोरीचा फोन आला. "आजी, झाला प्रवेश! आई स्वतः आली होती. आणि काय केलं माहितीये? ऑफिसातल्या मॅडमना विचारत होती, की आवारातली ही झाडं कुणी लावली म्हणून."

पुढच्या नव्या वर्षी पुन्हा ताट फिरलं. जालनेकरणीनं चिठ्ठी उचलली, वाचली, आणि गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापाशी आली.

"आजी, चष्मा लावा. ह्याच्या वरती काय लिवलंय ते बघायचंय."

मी चष्मा शोधू लागले. माझी स्वतःची चिठ्ठी एव्हाना मुठीत चुरगळली होती. तिच्यात मला 'पाय' हा एक शब्द दिसला होता, आणि तो माझ्या गुडघ्यांबद्दलच आहे, असं मी ठरवूनही टाकलं होतं.