पंचफुलाची पुडी

प्रताप नगरच्या एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची शेड आहे. तिथे सिंधूताई आणि तिची धाकटी जाऊ पंचफुला संध्याकाळी लांब पोळ्या करतात. सैल कणीक आपटून आपटून मऊ करायची, गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि ओढणीसारखा पातळ झाला की चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायचा. घरी मटणाचा रस्सा शिजत ठेवून माणसं पोळ्या न्यायला येतात आणि बघत उभी राहतात. बघायला छान वाटतं. करणारीची मनगटं आणि खांदे मात्र त्यात झिजून जातात.

सिंधूताई हे काम सासूकडून शिकली आणि पंचफुलाला तिनंच शिकवलं. गिऱ्हाईक यायचं ते "मोठ्या बाईच्या हातच्या द्या" म्हणतच. पंचफुलाच्या पोळ्याही चांगल्या व्हायच्या, पण मोठीच्या संपल्यावर त्या घेतल्या जायच्या.

पुढे दोघींचे हात दुखू लागले. सिंधूताईची मनगटं सुजायची. पंचफुलाच्या बोटांची पेरं लाल होऊन ताठायची. तिला डॉक्टरनं संधिवात सांगितला होता, पण त्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिनं त्या सोडून दिल्या. चूल विझली की दोघी एकाच गंजात कोमट पाणी घेऊन हात बुडवून बसायच्या आणि कण्हता कण्हता गिऱ्हाइकांच्या नकला करायच्या. दुखणं दोघींचं बरोबरीनं वाढत होतं तोवर त्यांचं बरं चाललं होतं.

सिंधूताईनं आयुर्वेदिक दवाखान्यातून शल्लकीच्या गोळ्या आणि गुग्गुळ आणला. वैद्यांनी बजावलं होतं, हळूहळू फरक पडेल, घाई करू नका. फरक पडला तो खरंच हळूहळू. सकाळी मूठ अर्धी तरी मिटायला लागली. ती त्यातच खूश होती.

तेवढ्यात पंचफुला रामटेकला माहेरच्या लग्नाला जाऊन आली आणि आठवड्याभरात तिची बोटं मोकळी झाली. पाण्याची कॅन ती एका हातानं उचलू लागली. कणीक अशी आपटायची, की समोरच्या दुकानातून लोक वळून बघायचे.

"काय घेऊन राहिली वं तू?" सिंधूताईनं विचारलं.

"जडीबुटीची पुडी आहे बाई. रामटेकच्या रस्त्यावर एक म्हातारा बसते, तो देते."

"मले नेशील का त्याच्याकडे?"

पंचफुला कणकेकडे बघत राहिली. "तो सगळ्याईले नाही देत ना. नाडी पाहून देते."

"मंग माही नाडी नाही का पाहणार?"

"पाहू नं बाई, कधी जमलं तर."

ते कधी जमलं नाही.

हळूहळू गिऱ्हाइकांची भाषा बदलली. "धाकट्या बाईच्या द्या, एकदम पातळ असतात," असं लोक तोंडावर म्हणू लागले. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सिंधूताईची मडक्यावरची पोळी करपली. नवरा नत्थू लाकडं सारत होता. तो म्हणाला, "काहून वं, ध्यान कुठं आहे?" तिनं करपलेली पोळी बाजूला टाकली. आपण जिच्या हातात पहिला गोळा ठेवला, तिच्या हातच्या पोळ्यांसाठी लोक आपल्यासमोर ताटकळत उभे राहतात, आणि आपल्या टोपलीत पोळ्या गार होतात, हे तिला गिळवेना. घरी आली की शल्लकीच्या गोळ्यांची बाटली बघून तिला राग यायचा. शेवटी तिनं त्या घेणंच सोडलं.

पंचफुलाचा चेहराही भरला. गाल गोल झाले, त्यांवर लाली आली. वस्तीतल्या बाया म्हणायच्या, "फुला, तू तं जवान होऊन राहिली!" ती लाजून हसायची. सिंधूताईला ते हसूही सहन होईना.

एकदा पंचफुला पाणी आणायला गेली असताना सिंधूताईनं तिच्या पिशवीतला डबा उघडला आणि एक पुडी उचलून आपल्या बटव्यात टाकली. घ्यायची म्हणूनच उचलली होती. पण पुडी हातात धरली की तिला वाटायचं, ही चोरून खाऊन हात बरे झाले तर ते हातही पंचफुलाचेच झाले. पुडी बटव्यातच राहिली.

मत्सरानं ती जावेकडे इतकं निरखून बघत होती, की दुसऱ्या कुणाला न दिसलेलं तिला दिसलं. पंचफुलाचा चेहरा फुगत होता, पण हातपाय काडीसारखे होत होते. काही न लागता दंडावर निळे डाग उठत होते. ती सारखं पाणी पीत होती. सिंधूताईनं पंचफुलाच्या मुलाला, संघपालला, बाजूला घेतलं. तो कुरिअरच्या ऑफिसात कामाला होता.

"तुह्या मायचं तोंड सुजल्यावानी दिसते, बाबू. एकदा दवाखान्यात दाखव."

संघपाल हसला. "मोठीमाय, आई चांगली झाली तं तुले पाहावत नाही का?"

ते अर्धं खरं होतं. पुन्हा तिनं विषय काढला नाही. मनाशी मात्र म्हणाली, होऊ दे काय होते ते.

मग रामटेकच्या रस्त्यावरचा तो म्हातारा बसायचा बंद झाला. कुठं गेला, कुणाला माहीत नव्हतं. पुड्या संपल्या आणि थोड्याच दिवसांत पंचफुला अंथरुणाला खिळली. उलट्या, अंगात त्राण नाही, सांधे पहिल्यापेक्षा जास्त पेटलेले. तरी ती हट्टानं शेडमध्ये आली आणि चुलीपाशीच कोसळली. सिंधूताईनं तिला मागं ओढलं, नाहीतर हात जाळातच गेला असता.

दवाखान्यात डॉक्टर अरुंधतीबाईंनी विचारलं, "कोणती औषधं चालू होती?"

"काहीच नाही मॅडम, साधी जडीबुटी," संघपाल म्हणाला.

"त्यातली थोडी तरी आहे का?"

"नाही, सगळी संपली."

सिंधूताईनं बटवा सोडला आणि पुडी टेबलावर ठेवली. "तिच्या डब्यातून चोरली होती मी," ती म्हणाली. नत्थूनं मान खाली घातली. संघपाल तिच्याकडे बघतच राहिला.

डॉक्टरांनी पुडी तपासायला पाठवली, पण पंचफुलाचा चेहरा आणि डाग बघून त्यांना अंदाज आलाच होता. पुडीत जडीबुटी नावापुरती होती, वर स्टेरॉइड कुटून मिसळलेलं. त्यानं सूज झटकन उतरते, पण साखर वाढते, अंगावर डाग उठतात. रोजची सवय झालेलं ते एकदम थांबलं की शरीर कोलमडतं. आता ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी कमी करत आणावं लागणार होतं, आणि संधिवाताचं खरं औषध पुन्हा पहिल्यापासून.

सिंधूताई तिच्या खाटेपाशी बसली. पंचफुलानं डोळे उघडले.

"बाई, तो म्हातारा नाडी-बिडी काही पाहत नव्हता. जो येईल त्याले देत होता."

"मंग मले काहून नाही नेलं?"

"तुमचेही हात चांगले झाले असते तं माह्या पोळ्या कोणं घेतल्या असत्या? इतके वर्षं तुमच्या संपल्यावर माह्या जात होत्या."

सिंधूताईनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही नेलं ते बरंच झालं," ती म्हणाली. "मीनंही खाल्ली असती."

पंचफुला घरी आली तेव्हा माहेरची माणसं आली, संघपालनं सुट्टी घेतली, बाया डबे घेऊन आल्या. सिंधूताई रोज भाकरी नेऊन द्यायची, आणि आपल्या मनगटाचं कुणी विचारत नाही म्हणून रोज मनात कुढायची. शेडमध्ये ती एकटीच राबत होती. गिऱ्हाइकं विचारायची, "धाकट्या बाई कधी येणार?" तेव्हाही पोटात जळायचंच. शल्लकीच्या गोळ्या मात्र तिनं वैद्यांना विचारून पुन्हा सुरू केल्या, आणि दुसरं कुठलं औषध घेत नाही तेही त्यांना सांगितलं.

पावसाळा सरता सरता पंचफुला शेडमध्ये येऊन बसू लागली. आधी नुसतं पीठ चाळायची. मग एका संध्याकाळी तिनं गोळा मागितला. पोळी जेमतेम मनगटापर्यंत लांबली आणि मडक्यावर बसली ती जाड, वेडीवाकडी.

"जाड झाली," सिंधूताई म्हणाली. म्हणताना तिला बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

"तुम्हाले तं आनंदच झाला असंन."

"झाला नं," सिंधूताई म्हणाली, आणि तिच्या हातावर दुसरा गोळा ठेवला. "कोपर वर धर. खांद्यावर जोर नको देऊ."