तांबडा दिवा आणि आमची बाजरी

त्या पावसाळ्यात ढग यायचे आणि नुसतं तोंड दाखवून जायचे. आमच्या प्रवराकाठच्या लोकांनी त्याचं खापर विमानावर फोडलं. कालव्याच्या पाण्यावर कशाबशा तगलेल्या उसाला पाकोळीची कीड लागली होती, म्हणून साखर कारखान्यानं फवारणीचं विमान भाड्यानं आणलं होतं. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी कारखान्याच्या शेतकी खात्यात नोकरीला होतो आणि वैमानिकाला कुणाचं रान कुठं ते दाखवायला त्याच्या शेजारी बसायचो. त्यामुळे गावच्या शिव्या माझ्या वाट्याला येत.

"तुमचं इमान ढगं फाडून टाकतंय," म्हातारे मला वाटेत अडवून सांगायचे.

मी चिडायचो. ढग काय धोतर आहे का फाटायला, असं एकाला बोललोसुद्धा. पण खरं सांगायचं तर त्या विमानात बसायला मलाही नको वाटायचं. आत औषधाचा उग्र वास असे. शेतकरी विषाला औषध म्हणतो, आम्हीही म्हणायचो. पाठीमागच्या टाकीत ते डुचमळलं की मानेला गार लागल्याचा भास व्हायचा.

वैमानिक हवाईदलातून निवृत्त झालेला, पुण्याकडचा, कमी बोलणारा गृहस्थ. त्या दुपारी टाकी काठोकाठ भरून आम्ही उडालो. उसाच्या बांधांवर फवारायचा पट्टा दाखवायला पांढरे झेंडे घेतलेली माणसं उभी होती. पहिल्या पट्ट्यावर खाली उतरायच्या आतच समोरच्या फळीवर एक तांबडा दिवा लागला. एवढासा, गुंजेएवढा. वैमानिकानं त्याच्या शेजारच्या काट्यावर बोटानं टकटक केलं. काटा खालीच पडून राहिला.

"इंजिनात तेलाचा दाब नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका शांत होता की मला त्याचीच भीती वाटली.

त्यानं इंजिन जरा कमी केलं आणि विमान धावपट्टीकडं वळवलं. धावपट्टी कालव्यापलीकडे होती, मध्ये कालव्याचा भराव आणि त्यावर उंच निलगिरी. भरल्या टाकीनिशी ती झाडं ओलांडणं शक्य नव्हतं. इंजिनाचा आवाज बदलला. आता त्यात खडखड होती.

"टाकी इथंच रिकामी करावी लागेल," तो म्हणाला. "नदीत सोडतो. मोकळी वाळू आहे."

खाली नदी खरोखरच मोकळी दिसत होती. पांढरीफेक वाळू, माणूस नाही, गुरंढोरं नाहीत. नुसते बाभळीच्या काट्यांचे ढीग इथं तिथं पडलेले. परक्याला तो कचरा वाटला असता. पण त्या प्रत्येक ढिगाखाली एकेका घराचा झिरा होता. आटलेल्या नदीत बायका वाळू उकरून खड्डा करत, पाझरलेलं पाणी वाटीनं भरून नेत आणि कुत्र्यागुरांनी तोंड घालू नये म्हणून वर काट्या पसरून जात. अख्खं गाव ते पाणी पीत होतं.

मी त्याचा दंड धरला. "नदीत नको! ते गावचं पिण्याचं पाणी आहे!"

"मग कुठं? लवकर सांगा."

उसात झेंडेवाले होते. पुढच्या मळ्यात बायका खुरपत होत्या. त्यापुढं वस्ती. आणि नदीच्या वळणावर आमची बाजरी, कणसात आलेली. ते रान रिकामं असणार हे मला ठाऊक होतं. आबा, म्हणजे माझे वडील, बैलांच्या खुरांना नालाच्या पत्र्या मारून आणायला राहुरीला जाणार होते. आदल्या दिवशी मीच तगादा लावला होता, तेव्हा "जातो बाबा," म्हणाले होते. पीक जाईल, जाऊ दे. घरचं आहे, उद्या कुणी जाब विचारणार नाही, एवढाच हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता.

"ती बाजरी," मी म्हणालो. "तिथं कोणी नाही."

त्यानं टाकी उघडायचा दांडा ओढला. विमान उचकी लागावी तसं वर उसळलं. मागं वळून बघितलं तर पांढरा लोट बाजरीवर उतरत होता, आणि त्या लोटात पाखरं राखायच्या माळ्यावर एक माणूस उभा होता. डोक्यावरचं मुंडासं सोडून हवेत फिरवत होता.

मी ओरडलो की नाही आठवत नाही. झाडांचे शेंडे चाकांना घासले, आपटत का होईना आम्ही उतरलो आणि इंजिन तिथंच बंद पडलं. वैमानिक माझे हात हातात घेऊन आभार मानत होता. मी त्याला ढकलून कारखान्याच्या जीपकडं पळालो.

आबा माळ्याखाली बसले होते. कपडे चिंब, तोंडातून लाळ. मला बघून हसले. "लई खाली आनलंस की रं इमान," म्हणाले. मला इतका संताप आला! एक दिवस, एकच दिवस ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? ओरडत ओरडतच मी त्यांचे कपडे फाडून काढले, विहिरीवर नेऊन साबणानं खसाखसा धुतलं आणि जीपमध्ये घातलं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सुया टोचल्या. आबांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. श्वास घरघरत होता. आई उशाशी बसली होती. तिला कुणीतरी एवढंच सांगितलं होतं की विमान बिघडलं आणि औषध सांडलं.

संध्याकाळी आबांना जरा शुद्ध आली. त्यांनी माझं मनगट चाचपडून धरलं.

"बैलं उद्या नेतो," म्हणाले. "म्हनलं, पोरगं आपल्या रानावरनं जातंय, बघावं. मुंडासं हालवलं. दिसलो का रं तुला?"

नाही म्हटलं असतं, तर जिवावर बेतलेली त्यांची ती हौस मातीत गेली असती. माझ्या तोंडून नाही निघेना.

"दिसला की, आबा," मी म्हणालो. "लांबूनच वळखलं तुमाला."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला रडू फुटलं.

मग आई बोलली, अगदी हळू. "दिसलं हुतं तुला? औषध सांडायच्या आदुगर?"

मी तिच्याकडं बघितलं. आबांनी माझा हात सोडला नव्हता, ते ऐकत होते. मी होकाराची मान हलवली.

आबा वाचले. पुढं कित्येक वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगायचे की माझ्या लेकानं मला आभाळातनं ओळखलं. ते ऐकलं की आई उठून आत जायची.