वहिनीचं माहेरचं नाव

गेल्या महिन्यात गडचिरोलीहून भाच्याचा फोन आला, "आत्या, आई गेली..." सुशीलावहिनी, माझ्या एकुलत्या भावाची बायको, नव्वदीला टेकली होती. तिचं जाणं अकाली नव्हतं, हे जो तो मला समजावत होता. समजून काय करायचं? रडू यायचं ते आलंच.

वहिनीचा जन्म रंगूनचा. तिचे वडील मूळचे आमच्या चांद्याकडचे, सागवानाची पारख होती म्हणून तिकडच्या लाकडाच्या वखारीत नोकरीला गेलेले. रंगूनच्या दवाखान्यात ती बाळंतपणाचं रीतसर शिक्षण घेऊन पास झाली आणि लगेच लढाई आली. पळून येताना सामान सुटलं, प्रमाणपत्र तेवढं तिनं पोटाशी बांधून आणलं. मग माझ्या शाळामास्तर भावाशी तिचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरून नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो. भावानं लिहिलं, कमल. कमल माझी थोरली बहीण, आदल्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात गेलेली. गेलेल्या पोरीचं नाव कशाला, म्हणून बाया कुजबुजल्या, पण माझ्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. त्या घरात मग पुन्हा दिवसभर कमलच्या नावानं हाका सुरू झाल्या. मी लहान होते, मला ते फार आवडायचं.

नागपूर आमच्या जुन्या प्रांताची राजधानी होती तेव्हाची ही गोष्ट. गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली. गावातली निम्मी पोरं वहिनीच्या हातावर जन्मलेली, पण नर्स म्हणून सरकारी नोंदणी नाही म्हणून अडलेल्या बाईला दवाखान्यात पोचवून तिला दारातूनच परतावं लागे. तेवढंच तिला खुपायचं. शेवटी भाऊ आणि ती डोंग्यानं वैनगंगा ओलांडून नागपूरला गेले. तिथल्या नोंदणी कचेरीतल्या बाईसाहेबांनी प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. रंगूनचं शिक्षण चालत होतं, आडनाव बदललेलंही चालत होतं. चालत नव्हतं ते पहिलं नाव. "लग्नानं आडनाव बदलतं, नियमात आहे. पण प्रमाणपत्र सुशीलाचं आणि तुम्ही कमल! आख्खं माणूस कसं बदललं?" नियम करणारे गोरे साहेब लोक, त्यांच्यात नवरीचं नाव कोण बदलतो? शेवटी बाईसाहेबांनी दोन वाटा सांगितल्या. गावात हिला सुशीला म्हणूनच ओळखतात, असा पाटलाचा दाखला आणा, नाहीतर नागपूरला राहून सगळं शिक्षण पहिल्यापासून करा. घरात दोन कच्चीबच्ची होती, नागपूरला कशी राहणार?

भाऊ सरळमार्गी. घरी येऊन म्हणाला, "गावात तिले सुशीला म्हनून कोन ओळखते? खोटा दाखला मांगू काऊन?" वहिनी प्रमाणपत्र पेटीत ठेवून चुलीपुढं जाऊन बसली. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलताना दिसत होते. आईनं ते पाहिलं.

"खोटा काऊन? लोकाईले ओळखाले लावू ना," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटलाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना घरी बोलावलं, ताटात तांदूळ पसरले आणि भावाला म्हणाली, "लिही. सुशीला." दोन लेकरांचा बाप पुन्हा नवरदेवासारखा पाटावर बसलेला पाहून एकदोघं हसली. भावाचा हात काही हलेना. वहिनीच पुढं झाली. "माय, नको. कमलताईंचं नाव राहू द्या मला. नोकरी नाही झाली तर नाही..."

आई म्हणाली, "कमल दवाखान्यात आत तडफडून राह्यली होती, अन् मले बाहेर ओट्यावर बसवलं होतं. आत आपलं कोनी नोतं, बाई. तू आत जाय. तिचं नाव माह्याजवळ ठेव अन् जाय."

भावानं लिहिलं. कुणी हसलं नाही.

मग गावाची शिकवणी सुरू झाली. चुकून कुणी कमल म्हटलं की आई खेकसायची, "सुशीला म्हना!" पाणी भरताना, बाजारात, सगळीकडे. शेवटी पाटलानं दाखला दिला, भावानं तो मान वर करून घेतला, आणि वहिनीची नोंदणी झाली. ती पहिल्यांदा कामावर गेली त्या दिवशी आई घराच्या मागं जाऊन हमसून हमसून रडली. पोर दुसऱ्यांदा गेली होती तिची. आम्हाला मात्र तिनं कधी काही बोलून दाखवलं नाही.

दवाखान्यात वहिनी शिस्तीची कडक. एक नियम मात्र तिनं नोकरीभर मोडला. बाळंतिणीच्या आईला ती बाहेर बसू द्यायची नाही. डॉक्टर चिडायचे, ती "हो जी" म्हणायची आणि करायचं तेच करायची. धानोऱ्याकडच्या जंगलातून आलेल्या, गोंडीशिवाय काही न कळणाऱ्या म्हाताऱ्यांना मनगटाला धरून आत न्यायची, हातपाय धुवायला लावून लेकीच्या उशाशी बसवायची. "माय, आत ये," एवढंच म्हणायची.

परवा माझी नात बाळंतपणासाठी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात होती. तिची आई, माझी लेक, आणि मी बाहेर बाकावर. आतून नातीचा आवाज आला, लेकीनं माझा हात घट्ट धरला, आणि एका तरण्या नर्सनं आमच्या तोंडावर दार लोटलं. मी वाट पाहत राहिले... कुणीतरी दार उघडून म्हणेल म्हणून. वहिनी गेली हे मला खरं तिथं कळलं. मग मी उठले, दार ठोठावलं आणि म्हटलं, "बाई, हिले आत घ्या. आई आहे ते."